आंतरराष्ट्रीय संगीतस्पर्धेची तयारी अंतिम फेरीपासून उलटी मोजा

पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणाऱ्या तरुणांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखा असतो. आधी व्हिडिओवरून पूर्वनिवड, मग प्रत्यक्ष दोन किंवा तीन फेऱ्या आणि शेवटी ऑर्केस्ट्रासोबत कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना. नवखे स्पर्धक सगळी ताकद त्या पहिल्या व्हिडिओवर खर्च करतात. निवड झाल्याची ईमेल आल्यावर मग लक्षात येतं की दुसऱ्या फेरीला अर्ध्या-पाऊण तासाचा कार्यक्रम लागणार आहे, त्यात स्पर्धेसाठी मुद्दाम लिहून घेतलेली एक नवी रचना आहे आणि कॉन्चेर्टो तर अजून पाठही झालेला नाही. तिथून पुढची घाई वादनात स्पष्ट ऐकू येते.

म्हणून तयारी उलटी करायची. अंतिम फेरीत काय वाजवणार ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मागे येत व्हिडिओपर्यंत पोहोचायचं. पहिल्यांदाच उतरत असाल तर हाताशी वर्ष ते दीड वर्ष हवं.

१. आधी स्पर्धा पारखून घ्या

नावात ‘इंटरनॅशनल’ आहे म्हणून स्पर्धा मोठी ठरत नाही. निव्वळ शुल्कावर चालणाऱ्या ऑनलाइन स्पर्धांचं आता पेव फुटलं आहे. त्या ओळखणं अवघड नाही. परीक्षकांची नावं जाहीर केलेली नसतात किंवा ती ‘लवकरच’ कळणार असतात. एकेका गटात डझनभर ‘पहिली बक्षिसं’ वाटलेली असतात. निकालानंतर पदकाचे वेगळे पैसे, प्रमाणपत्राचे वेगळे आणि एखाद्या नामांकित सभागृहातल्या ‘विजेत्यांच्या मैफिली’त वाजवायचे आणखी वेगळे. अशा बक्षिसाला जाणकारांच्या लेखी किंमत नाही, त्यात पैसे आणि वेळ घालवू नका. खरी स्पर्धा पहिलं बक्षीस राखून ठेवायलाही कचरत नाही. वॉर्साच्या शोपँ पियानो स्पर्धेत १९९० आणि १९९५ अशा लागोपाठ दोन वेळा पहिलं पारितोषिक कुणालाच दिलं गेलं नव्हतं.

शोधाची सुरुवात ‘वर्ल्ड फेडरेशन ऑफ इंटरनॅशनल म्युझिक कॉम्पिटिशन्स’ या महासंघाच्या सदस्ययादीपासून करा. हा महासंघ १९५७ साली जिनिव्हात स्थापन झाला. पियानोवादकांना पियानो स्पर्धांची माहिती देणाऱ्या अलिंक-आर्गेरिक फाउंडेशनचाही चांगला उपयोग होतो. यादीत नाव नाही म्हणून स्पर्धा वाईटच, असं मात्र नाही. अशा वेळी मागच्या दोन-तीन वेळचे निकाल, परीक्षकांची नावं आणि फेऱ्यांची रेकॉर्डिंग शोधा. विजेत्यांनी कसं वाजवलं हे कुठेच ऐकायला मिळत नसेल, तर ती स्पर्धा सोडा.

तरुणांसाठीच्या नावाजलेल्या स्पर्धांचे प्रकारही निरनिराळे आहेत. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी १९८३ साली सुरू केलेली मेन्युहिन स्पर्धा २२ वर्षांखालच्या व्हायोलिनवादकांसाठी आहे, त्यात ज्युनियर आणि सीनियर असे दोन गट असतात आणि ती दर वेळी वेगळ्या शहरात भरू शकते. जर्मनीतल्या एटलिंगेनची स्पर्धा १९८८ पासून तरुण पियानोवादकांसाठी चालते. १९९४ साली पियानोवादक लांग लांग तिथेच पहिला आला होता. अमेरिकेतल्या फोर्ट वर्थच्या व्हॅन क्लायबर्न स्पर्धेची १३ ते १७ वयाच्या पियानोवादकांसाठीची ज्युनियर स्पर्धा २०१५ साली सुरू झाली. ‘युरोव्हिजन यंग म्युझिशियन्स’ला मात्र थेट अर्ज करता येत नाही. १९८२ साली मँचेस्टरमध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत सहभागी देशाची प्रसारण संस्था आपला स्पर्धक पाठवते.

२. वय कोणत्या तारखेला मोजतात ते पाहा

‘१८ वर्षांपर्यंत’ एवढं वाचून अर्ज भरू नका. वय कधी अर्जाच्या शेवटच्या तारखेला मोजतात, कधी स्पर्धेच्या उद्घाटनाच्या दिवशी, तर कधी त्या वर्षाच्या १ जानेवारीला किंवा ३१ डिसेंबरला. ‘१८ पूर्ण नसावीत’ आणि ‘१९ वा वाढदिवस झालेला नसावा’ या दोन अटींत पूर्ण एका वर्षाचा फरक पडतो. द्वैवार्षिक स्पर्धा असेल तर पुढच्या वेळी तुम्ही कोणत्या गटात असाल तेही आत्ताच मोजा. धाकट्या गटात शेवटच्या वर्षी उतरणं हे वरच्या गटात पहिल्या वर्षी उतरण्यापेक्षा बहुधा शहाणपणाचं असतं.

३. नियमावली छापून घ्या आणि खुणा करा

स्पर्धेच्या पानावर दिसणारा सारांश पुरेसा नसतो. पूर्ण नियमावली उतरवून घ्या आणि तिची तारीख टिपून ठेवा, कारण सुधारित आवृत्त्या निघत राहतात. पुढच्या ओळी शोधून अधोरेखित करा:

- प्रत्येक फेरीची किमान आणि कमाल वेळ, आणि ती कशी मोजतात: पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, की दोन रचनांमधली विश्रांती धरून.
- एका फेरीत वाजवलेली रचना पुढच्या फेरीत पुन्हा चालते का.
- सगळं पाठ हवं, की सोनाटा आणि नव्या रचनेला समोर नोटेशन चालतं.
- पुनरावृत्ती घ्यायच्या की गाळायच्या.
- कार्यक्रमात बदल कोणत्या तारखेपर्यंत करता येतो. त्यानंतर सहसा एक मूव्हमेंटही (रचनेचा स्वतंत्र भाग) बदलू देत नाहीत.
- परीक्षकांपैकी कुणाकडे तुम्ही शिकला असाल तर काय जाहीर करायचं.

शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी परीक्षकाला आपल्या शिष्याला गुण देता येत नाहीत आणि ‘शिष्य’ या शब्दाची व्याख्या नियमावलीतच असते. काही ठिकाणी उन्हाळी शिबिरातले काही धडेही त्यात मोडतात. परीक्षकांची नावं जाहीर झाल्यावर त्यांच्यातल्या कुणाकडे धडा घ्यायला जाऊ नका. लपवलेलं नातं नंतर उघड झालं तर अपात्र ठरवलं जाऊ शकतं.

४. कार्यक्रम ठरवा: अंतिम फेरीपासून पहिल्या फेरीपर्यंत

पहिला निर्णय कॉन्चेर्टोचा. स्पर्धेने यादी दिलेली असते. त्यातला तुम्ही आधी सबंध, लोकांसमोर, निदान पियानोच्या साथीने वाजवलेला कॉन्चेर्टो निवडा. स्पर्धेच्या निमित्ताने नवा कॉन्चेर्टो शिकायला घेणं ही नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी निवड आहे. आठवडा-दहा दिवस चाललेल्या स्पर्धेच्या शेवटी थकलेल्या हातांना मुरलेलंच आठवतं.

कॉन्चेर्टो मोझार्टचा असेल तर कडेन्झा, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबल्यावर एकट्याने वाजवायचा भाग, आत्ताच ठरवा. त्याच्या पाचही व्हायोलिन कॉन्चेर्टोंसाठी त्याने स्वतः लिहिलेले कडेन्झा उपलब्ध नाहीत, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा तरी किंवा स्वतः रचलेला वाजवावा लागतो. पियानो कॉन्चेर्टोंचं तसं नाही: के. ४८८ मध्ये (‘के.’ हा मोझार्टच्या रचनांचा सूची क्रमांक) मोझार्टचाच कडेन्झा आहे, तर के. ४६६ साठी त्याचा नसल्याने बरेच जण बीथोव्हेनचा वाजवतात. अर्जात कडेन्झा कुणाचा हे विचारलं असेल तर रकाना रिकामा सोडू नका.

दुसरा निर्णय वेळेचा, आणि तो घड्याळ लावून घ्यायचा. व्हायोलिनवादकाचं उदाहरण घेऊ. पहिल्या फेरीला २० मिनिटांची मर्यादा आहे. निवड अशी: बाखच्या जी मायनर सोनाटातले, म्हणजे बाखच्या रचनासूचीतल्या बीडब्ल्यूव्ही १००१ मधले, अडाजिओ आणि फ्यूग (एकच सुरावट अनेक आवाजांत फिरवणारी रचना), पागानिनीचा एक कॅप्रिस (छोटी, कसरतीची रचना), आणि मोझार्टच्या के. २१६ ची पहिली मूव्हमेंट कडेन्झासह. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. आता मोजा. बाखला साधारण साडेनऊ मिनिटं, मधल्या लांबीच्या कॅप्रिसला साडेतीन ते चार, मोझार्टला नऊ-सव्वानऊ. बेरीज २२ च्या पुढे गेली, शिवाय मधे सूर जुळवायला आणि श्वास घ्यायला मिनिटभर. वेळ संपल्याची परीक्षकांची घंटा बरोबर मोझार्टच्या कडेन्झात वाजणार.

उपाय असे. सोलो सुरू होण्यापूर्वीची टुटी (फक्त ऑर्केस्ट्राचा भाग) कापा, तिथे मिनिटभर वाचतं. कडेन्झा आखूड निवडा. आणि कॅप्रिस बदला: १६ वा कॅप्रिस दीड-पावणेदोन मिनिटांत संपतो. आता कार्यक्रम १९ मिनिटांच्या आसपास येतो आणि तेवढाच हवा. मर्यादेच्या ९५ टक्क्यांच्या वर कधी जाऊ नका. किमान मर्यादाही तपासा, कारण घाबरल्यावर काही जण भरधाव सुटतात आणि तिच्या खाली जातात. वेळ मोजायची ती घरी एकट्याने वाजवताना नाही, तर चार माणसांसमोर वाजवताना. दोन्हींत मिनिटभराचा फरक सहज निघतो.

साथ पियानोची असेल त्या फेऱ्यांत टुटी कापणं रूढच आहे. ब्राम्सच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत व्हायोलिन ९० व्या बारला (नोटेशनमधल्या मात्राखंडाला) येतं, द्वोर्झाकच्या चेलो कॉन्चेर्टोत चेलो ८७ व्या बारला. ही सगळी सुरुवात पियानोवर ऐकवून तुमची तीन-साडेतीन मिनिटं खर्ची पडतील आणि तुम्ही मात्र रंगमंचावर नुसते उभे.

आता निवडीबद्दल थोडं स्पष्ट. सगळ्यात अवघड रचना निवडल्याने गुण वाढत नाहीत. परीक्षक दिवसभर एकामागून एक स्पर्धक ऐकतात आणि वेगवान बोटं त्यांनी सकाळपासून भरपूर ऐकलेली असतात. खरी निवड बाख आणि मोझार्टमध्ये होते, कारण तिथे लपायला जागा नसते: फ्यूगमधला मधला आवाज हरवला, वाक्याचा शेवट तोडला, गज उचलताना स्वर टोचला, की लगेच ऐकू येतं. म्हणून सरावाच्या वेळेत या दोघांना गरजेचा वाटतो त्याहून जास्त वाटा द्या. पियानोवादकांनी ‘प्रिल्यूड आणि फ्यूग’ निवडताना आवाजांची संख्या बघावी. तीन आवाजांचा फ्यूग स्वच्छ वाजवणारा हा पाच आवाजांच्या फ्यूगमध्ये धडपडणाऱ्यापेक्षा केव्हाही पुढे जातो.

संहिता उर्टेक्स्ट, म्हणजे रचनाकाराच्या मूळ लिखाणाला धरून छापलेली, घ्या: बेरेनरायटर, हेन्ले, व्हिनर उर्टेक्स्ट यांपैकी कुठलीही चालेल. जुन्या आवृत्त्यांत संपादकांनी घुसडलेले स्लर आणि डायनॅमिक्स परीक्षक ताबडतोब ओळखतात.

उलटी मोजणी साधारण अशी बसते:

- अंतिम फेरीच्या १४ ते १५ महिने आधी: कॉन्चेर्टो आणि सगळ्या फेऱ्यांचा कार्यक्रम नक्की.
- १० महिने आधी: पहिल्या फेरीचा कार्यक्रम पाठ, लोकांसमोर एकदा वाजवलेला.
- ८ ते ९ महिने आधी: व्हिडिओ आणि अर्ज.
- ६ महिने आधी: दुसऱ्या फेरीचा कार्यक्रम लोकांसमोर. निवडीचा निकाल आलेला नसला तरी.
- ३ महिने आधी: सगळ्या फेऱ्या सलग चार-पाच दिवसांत एकापाठोपाठ वाजवून पाहा. थकवा कुठे येतो ते इथेच कळतं.

५. पूर्वनिवडीचा व्हिडिओ

बहुतेक अर्ज इथेच गळतात, आणि दर वेळी वादन कमी पडलं म्हणून नाही.

नियम सहसा असे असतात: प्रत्येक रचना किंवा मूव्हमेंट सलग, न तोडता, एकच स्थिर कॅमेरा, चेहरा आणि दोन्ही हात सतत दिसणारे, आवाजावर कसलीही प्रक्रिया नाही, आणि रेकॉर्डिंग ठरावीक तारखेनंतरचं. वर्षापूर्वीच्या मैफिलीचा सुंदर व्हिडिओ या तारखेपायी बाद होतो.

आवाजाचं म्हणाल तर फोनच्या मायक्रोफोनवर विसंबू नका. फोन आणि साधे कॅमेरे आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतात. तुम्ही पियानिसिमो वाजवता तेव्हा ते आवाज वाढवतात, फोर्टिसिमो आला की दाबतात आणि तुमचे सगळे डायनॅमिक्स एकाच पातळीवर येतात. परीक्षकांना वाटतं, हा स्पर्धक सपाट वाजवतो. स्टिरिओ माइक असलेला एखादा छोटा रेकॉर्डर घ्या आणि त्यात ‘ऑटो गेन’ व ‘लिमिटर’ बंद करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. कार्यक्रमातला सगळ्यात मोठा आवाज आधी वाजवून पातळी अशी लावा की तो उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. माइक वाद्यापासून दोन ते तीन मीटरवर, डोक्याच्या उंचीहून थोडा वर. फार जवळ ठेवला तर गजाची खरखर आणि श्वास ऐकू येतो, फार लांब ठेवला तर फ्यूगमधले आवाज एकमेकांत मिसळतात.

चित्र आणि आवाज वेगळे घेणार असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. त्या टाळीवर दोन्ही जुळवता येतात. ही जुळवणी चालते का हे आयोजकांना आधी विचारा. कृत्रिम प्रतिध्वनी घालू नका. एक तर नियमांत बसत नाही, दुसरं म्हणजे सरावलेल्या कानांना तो लगेच कळतो.

खोली उंच छताची आणि थोडी घुमणारी असावी. जाड गालिचा आणि पडद्यांची छोटी खोली स्वर गिळून टाकते. पियानो त्याच दिवशी सकाळी ट्यून करून घ्या आणि ट्यूनरला दुपारपर्यंत थांबायला सांगा, कारण दोन तास जोरकस वाजवल्यावर वरचे स्वर ढळतात. पियानोवादकाचा कॅमेरा श्रोत्यांच्या बाजूने, कीबोर्डच्या पातळीपेक्षा थोडा वर. हात, चेहरा आणि जमलं तर पेडलही दिसू द्या.

एका रचनेचे तीन टेक घ्या, फार तर चार. पाचव्यापासून चुका कमी होतात पण वादनातला जीव जातो. निवडताना एका निसटत्या स्वरापेक्षा सबंध वाक्याचा ओघ पाहा.

अपलोड करताना ‘प्रायव्हेट’ नको, ‘अनलिस्टेड’ ठेवा. प्रायव्हेट दुवा परीक्षकांना उघडतच नाही आणि तुमच्या स्वतःच्या खात्यातून मात्र तो व्यवस्थित दिसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. दुवा ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून खात्री करा. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर दुसरा ठेवता येत नाही, तेव्हा दुवा पाठवण्याआधी पूर्ण पाहून घ्या. काही स्पर्धांना शीर्षकात स्पर्धकाचं नाव चालत नाही, कारण निवड नावाशिवाय होते.

६. अर्ज, कागदपत्रं आणि शुल्क

हे सगळं एका फोल्डरमध्ये आधीच तयार ठेवा:

- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान ६ महिने वैध असलेला बरा. सगळ्या कागदांवर नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने.
- जन्मदाखला, लागल्यास अधिकृत भाषांतरासह.
- परिचय, बहुधा १५० ते २०० शब्दांचा. एक लांब आणि एक आखूड, असे दोन लिहून ठेवा.
- छायाचित्र, ३०० डीपीआय, मागची भिंत साधी. छापील पुस्तिकेत हेच जातं. छायाचित्रकाराचं नाव विचारतात, ते टिपून ठेवा.
- गुरूंचं आणि आणखी एका संगीतकाराचं शिफारसपत्र. मागायला किमान ६ आठवडे आधी जा.
- कार्यक्रमाचा तक्ता: रचनाकार, रचनेचं नाव, स्वरिका (की), ओपस किंवा सूची क्रमांक, मूव्हमेंट आणि कालावधी.
- स्पर्धक अल्पवयीन असेल तर पालकांचं संमतीपत्र. ध्वनिचित्रमुद्रण आणि प्रक्षेपणाची संमती वेगळी.
- शुल्क भरल्याची पावती.

शुल्कात एक सापळा आहे. परदेशी खात्यात पैसे पाठवताना मधल्या बँका आपलं शुल्क त्यातूनच कापतात. आयोजकांना काही युरो कमी पोहोचतात आणि अर्ज ‘शुल्क अपूर्ण’ म्हणून अडकून पडतो. बँकेच्या फॉर्मवर ‘ओयूआर’ हा पर्याय निवडा, म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याकडे येतो. संदेशाच्या रकान्यात स्पर्धकाचं नाव लिहा, कारण खातं बहुधा पालकांचं असतं.

अर्जाची मुदत आयोजकांच्या घड्याळाप्रमाणे असते. युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एका तासाने बदलतात, आणि महिनाअखेरची मुदत नेमकी त्याच सुमारास येऊ शकते. दोन दिवस आधी अर्ज पाठवून मोकळं व्हा.

७. साथीचा पियानोवादक

आपला पियानोवादक सोबत नेता येतो किंवा स्पर्धेचा अधिकृत साथीदार घेता येतो. स्वतःचा नेल्यास त्याचा प्रवास आणि राहणं बहुधा तुमच्या खर्चाने. अधिकृत साथीदार उत्तम असतात, रूढ रचना त्यांच्या हातात असतात, पण तुमच्यासोबत तालीम मिळते ती एखाद-दुसरी, अर्ध्या-पाऊण तासाची.

त्यामुळे महिनाभर आधी त्यांना स्वच्छ स्कॅन केलेली पीडीएफ पाठवा: टुटी कुठून कुठे कापली, कडेन्झा कुणाचा, त्यातून बाहेर पडण्याचा इशारा कोणता, रिटार्डांदो (लय मंदावणं) कुठे. सोबत मेट्रोनोमचे आकडे द्या. तालमीत सबंध रचना सुरुवातीपासून वाजवत बसू नका. आधी सुरुवाती, टेम्पो बदलण्याच्या जागा आणि शेवट, मग वेळ उरला तर बाकीचं. दुर्मिळ रचना निवडली असेल, तर तिचा पियानोचा भाग साथीदार पहिल्यांदाच पाहत असेल हे गृहीत धरा.

८. नवी रचना

मुद्दाम लिहून घेतलेली रचना सहसा काही आठवडे किंवा दोन-तीन महिने आधी हाती येते. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत तर अंतिम फेरीतल्या वादकांना सुमारे आठवडाभर बाहेरच्या जगापासून वेगळं ठेवतात आणि नवी रचना त्यांनी एकट्याने बसवायची असते. तरुणांच्या स्पर्धांत इतकं कडक नसतं, तरी नोटेशन आलं की त्याच दिवशी बसा. आधी वाद्याशिवाय वाचा: खुणांची सूची, आकृतिबंध, लयबदल. मग सगळ्यात अवघड दोन पानं आधी घ्या. रचनाकार परीक्षकांत असण्याची शक्यता असते, तेव्हा त्याने लिहिलेला टेम्पो ‘साधारण’ समजू नका.

९. व्हिसा, प्रवास आणि वाद्य

निमंत्रणपत्र मिळताच व्हिसाचा अर्ज करा. स्पर्धा शेंगेन देशांत असेल तर अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी; विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्यांना बोटांचे ठसे द्यावे लागतात. मूल एकाच पालकासोबत किंवा शिक्षकासोबत जात असेल तर दुसऱ्या पालकाचं किंवा दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा. परतीचं तिकीट अंतिम फेरी आणि पारितोषिक मैफिलीनंतरचं, तारीख बदलता येण्यासारखं घ्या.

वाद्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते लुप्त होणाऱ्या प्रजातींच्या व्यापारावरच्या साइटिस कराराकडे. जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असू शकतं, जुन्या गिटारला ब्राझिलियन रोझवूड, काही गजांच्या फ्रॉगला (मुठीकडच्या भागाला) कासवाचं कवच. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. अशा वाद्याला सीमा ओलांडण्यासाठी ‘वाद्य प्रमाणपत्र’ मिळतं, ते जास्तीत जास्त ३ वर्षं चालतं आणि त्यावर अनेकदा ये-जा करता येते. ते काढायला वेळ लागतो. वाद्य कारागिराकडून कोणता भाग कशाचा आहे हे लिहून घ्या. गजाच्या टोकाबद्दल शंका असेल तर सोपा मार्ग असा की स्पर्धेला दुसरा गज न्या.

व्हायोलिन, व्हायोला केबिनमध्ये न्या आणि विमान कंपनीकडून तसं लेखी घ्या. चेलोसाठी स्वतंत्र आसन फोनवरून घ्यावं लागतं, बहुधा खिडकीजवळचं. ऑनलाइन दोन तिकिटं काढून भागत नाही. चेलो सामानात द्यायची वेळच आली तर तारा अर्धा ते एक स्वर उतरवा, पण पूर्ण सैल करू नका. ताण गेला की आतली साउंडपोस्ट (आधाराची काडी) पडू शकते आणि घोडी हलते. पेटीत आर्द्रतामापक ठेवा, ४० ते ६० टक्के हे सुरक्षित क्षेत्र. तारा स्पर्धेच्या ७ ते १० दिवस आधी बदला. त्याहून नव्या असल्या तर ढळत राहतात. जास्तीचा एक संच असा न्या की ज्याच्या तारा आधीच दोन-तीन दिवस लावून ताणलेल्या आहेत. ओबो आणि बासूनवाल्यांनी रीड दुप्पट न्याव्यात, कारण उंची आणि हवा बदलली की चालणाऱ्या रीड रुसतात.

१०. पोहोचल्यावर

नोंदणी, वादनाचा क्रम ठरवणाऱ्या चिठ्ठ्या आणि तालमीच्या वेळा बहुतेक पहिल्याच दिवशी ठरतात. नोंदणीला उशीर झाला तर बाद होऊ शकता, म्हणून किमान एक दिवस आधी पोहोचा; कालमान फार वेगळं असेल तर तीन दिवस.

आधार स्वर विचारून घ्या. अनेक ठिकाणी ऑर्केस्ट्रा आणि पियानो ४४२ हर्ट्झवर लावलेले असतात. ४४० वर सराव केलेल्या फुंकवाद्यांच्या वादकांनी ४४२ वर वाजवून आधीच सवय करावी.

पियानोवादकांना वाद्य निवडायला थोडीच मिनिटं मिळतात. या वेळात रचना सबंध वाजवू नका. पाच गोष्टी तपासा: संथ गतीतला सगळ्यात हळुवार आवाज, एकाच स्वराची जलद आवर्तनं, वरच्या दोन सप्तकांतली गाणारी ओळ, खालच्या स्वरांचा भार, आणि अर्धं पेडल. मोठ्या आवाजाचा पियानो रिकाम्या सभागृहात भुरळ घालतो, पण हातात राहणारा पियानो निवडा. बाकाची उंची मोजून टिपून ठेवा.

ऑर्केस्ट्राची तालीम अनेकदा एकच असते. कंडक्टरची भेट ठरली असेल तर टेम्पो गाऊन दाखवा आणि तीन-चार अडचणीच्या जागाच सांगा. रंगमंचाच्या मागच्या बाजूच्या वाद्यांचा आवाज तुमच्यापर्यंत थोडा उशिराच पोहोचतो. ऐकून मागे गेलात की सगळंच मंदावतं, म्हणून जोडणीच्या जागी नजर काठीवर ठेवा. याची तयारी घरूनच होते: ऑर्केस्ट्राचा भाग वाजवणाऱ्याला मुद्दाम थोडा वेगळा टेम्पो घ्यायला सांगून सराव करा.

११. रंगमंचावर

सूर जुळवणं पंधरा सेकंदांत संपवा. प्रत्येक रचनेत आधीपासून पाच-सहा ‘ठिकाणं’ ठरवून ठेवा, जिथून थेट सुरू करता येईल. आठवण तुटली तर मागे जाऊ नका, पुढच्या ठिकाणी उडी घ्या. मागे गेलं की तीच जागा पुन्हा येते आणि पुन्हा तुटते. तार तुटली तर थांबा, परीक्षकांकडे पाहून वाद्य दाखवा आणि बाहेर जाऊन बदला. याबद्दल सहसा गुण कापत नाहीत. बेसूर तारेवर रेटत राहिलात तर मात्र वादनच पडतं. घंटा वाजली तर वाक्य संपवा, मान लवून निघा.

१२. निकालानंतर

गुण कसे मोजतात ते आधी वाचलेलं असेल तर निकाल समजतो. कुठे १०० पैकी गुण, कुठे २५ पैकी, कुठे नुसतं ‘होय’ किंवा ‘नाही’. काही ठिकाणी सरासरीपासून फार दूर गेलेला गुण जवळ ओढतात. मागच्या फेरीचे गुण पुढे धरतात की नाही, हेही स्पर्धेगणिक बदलतं.

बाहेर पडलात तर अनेक स्पर्धांत परीक्षकांशी बोलायची वेळ ठेवलेली असते. स्पर्धा चालू असताना किंवा दालनात गाठून बोलू नका. ठरलेल्या वेळी वही घेऊन जा, नाव आणि कार्यक्रम सांगा आणि नेमके दोन प्रश्न विचारा: बाखमध्ये काय ऐकू आलं नाही, आणि वेळ कुठे गडबडली. निदान तीन परीक्षकांना विचारा. तिघांच्या बोलण्यात जे सारखं येईल त्यावर आधी काम करा.

आयोजकांनी दिलेलं राहणं बहुधा फेरीतून बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी संपतं. पुढच्या फेऱ्या ऐकण्यासाठी थांबायचं असेल तर खोलीची सोय निघण्याआधीच करून ठेवा. अंतिम फेरीत पोहोचलात तर रोख पारितोषिकावर यजमान देशात कर कापला जाऊ शकतो आणि उसनं मिळालेल्या वाद्याचा विमा तुमच्या नावावर येऊ शकतो, तेव्हा सही करण्यापूर्वी करारातली ही दोन कलमं शोधून वाचा.